मोती आजारी आहे, तू पडू नकोस

पुणे,
रविवार

प्रिय ताई,



काल फोनवर तू फिरून फिरून एकाच वाक्यावर येत होतीस, "माझ्याकडूनच काहीतरी राहिलं." रडत असलेल्या माणसाला फोनवर समजावता येत नाही, म्हणून लिहितेय. वाचून झालं की दाजींनाही दे.

आधी आजाराचं. मोतीचं रक्त कुठे वाहून गेलेलं नाही. जंतूंशी लढायचं काम असलेली त्याची प्रतिकारशक्ती त्याच्याच तांबड्या पेशींवर उलटली आहे आणि पाणथरीत, यकृतात त्या पेशी नष्ट होताहेत. कुंपणच शेत खातंय म्हण ना. म्हणून त्याच्या हिरड्या आधी पांढऱ्या पडल्या, मग पिवळट झाल्या, आणि लघवी काळसर होऊ लागली. रिपोर्टवर ‘पीसीव्ही’ म्हणून जो आकडा आहे तो रक्तातल्या तांबड्या पेशींचा भाग. धडधाकट कुत्र्यात तो शंभरात साधारण ३७ ते ५५ असतो, मोतीचा १४ आला. एवढ्याशा रक्तावर तो शेपटी हलवतोय, हेच खूप झालं.

आता तुझ्या "राहिलं"बद्दल. या आजाराचं कारण पुष्कळदा सापडतच नाही. आपल्याकडे डॉक्टर आधी गोचिडांवर संशय घेतात, कारण गोचिडातून बबेसिया, एर्लिकियासारखे जंतू रक्तात शिरतात आणि त्यातून हा भडका उडू शकतो. पण कॉकर स्पॅनियलसारख्या जातींत तो अंगावर एकही गोचीड नसताना होतो. वस्तीवर उघड्यात राखण करणाऱ्या कुत्र्याला कधी गोचीड लागणारच नाही, असं कोणाला जमलंय? इथून पुढे डॉक्टर सांगतील ते गोचिडाचं औषध वेळच्या वेळी लाव आणि मागचं उकरणं सोड.

सासूबाई म्हणाल्या ना, माणसांचे आजार कुत्र्याला कसे होतील? त्यांना सांग, या आजारासाठी ‘कूम्ब्स’ म्हणून जी तपासणी करतात ती १९४५ साली माणसांसाठी निघाली, आणि ती काढणाऱ्या तिघांतले रॉबिन कूम्ब्स शिकले होते जनावरांचे डॉक्टर म्हणून. रक्ताच्या बाबतीत आपण आणि मोती फार लांबचे नाही.

खरं सांगायचं तर पहिले दोन आठवडे वाईट असतात. नीट उपचार होऊनही बरीच कुत्री याच दिवसांत जातात, आणि पुष्कळदा रक्ताची गुठळी फुफ्फुसात अडकून जातात. म्हणून एकाएकी धाप लागली, तर सकाळची वाट बघू नका. वाटेत वाघोलीची कोंडी असो नसो, दवाखान्याला निघायचं. गाडी कोणाची, चालवणार कोण, हे आजच ठरवून ठेवा.

आमच्या सोसायटीत एका घरच्या कुत्र्याला हाच आजार झाला, तेव्हा मी एक गोष्ट पाहिली. "काळजी करू नका" म्हणायला रोज कोणी ना कोणी येत होतं. घरातल्या बाईला खरा आधार वाटला तो एका शेजाऱ्याचा. तो रोज संध्याकाळी येऊन एक तास कुत्र्याजवळ बसायचा आणि ती तेवढ्यात झोपून घ्यायची. धीर देणारे खूप भेटतील, ताई, पण तुला कामं वाटून घेणारी माणसं हवीत. "काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्याच्या हातात तिथल्या तिथे एक काम ठेव.

पहिलं काम रात्रीचं. प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांनी मोतीला तहान लागेल, भूक खवळेल, आणि रात्रीतून दोन-तीनदा लघवीला जावं लागेल. तुमच्याकडे दारापासून ऊस, आणि शिरूर तालुक्यात बिबट्याचं काय सांगायचं! अशक्त कुत्र्याला साखळीला धरून अंधारात एकटी अजिबात जाऊ नकोस. त्याला पडवीत जाळीच्या आत झोपव, कोपऱ्यात वाळूचं घमेलं नाहीतर जुनी पोती टाक, तिथेच करू दे. धुवायचं काम भाच्याचं. एक रात्र तू जाग, एक रात्र दाजी.

दुसरं काम वहीचं. कोणती गोळी किती वाजता, काय खाल्लं, लघवीचा रंग, हिरडीचा रंग. हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत रंग परतला पाहिजे. शी डांबरासारखी काळी दिसली तर लगेच डॉक्टरांना फोन, पोटात व्रण झालेला असू शकतो. घरातली दुखण्यावरची गोळी त्याला कोणीही द्यायची नाही. दुसरी गोळी अझाथायोप्रिनची आहे, त्या गोळीला सूनबाईने हात लावायचा नाही, तिला दिवस गेलेत. बाकीच्यांनीही हातमोजे घालूनच द्यायची.

तिसरं स्वयंपाकघरातलं. भाकरीवर कालवण ओतायची सवय बंद. कांदा-लसूण धडधाकट कुत्र्याच्याही तांबड्या पेशी फोडतो, याला तर तो विषच. भाकरी कुस्करून बिनमसाल्याच्या शिजवलेल्या चिकनच्या पाण्यात दे. कच्चं मांस नको, या गोळ्यांनी त्याची जंतूंशी लढायची ताकद कमी झालेली असते.

चौथं काम दाजींचं. रक्त चढवायची वेळ आली तर ऐनवेळी कुत्रा शोधत फिरता येणार नाही. दाजींचे चार गावांत मित्र आहेत. २५ किलोच्या वरचा, एक ते आठ वर्षांचा, लसी झालेला, स्वभावाने शांत असा कुत्रा त्यांनी आत्ताच हेरून ठेवावा. एका वेळी साधारण ४५० मिली रक्त घेतात. त्या कुत्र्याचीही गोचीडतापाची तपासणी करून घ्यायची, नाहीतर एक आजार काढताना दुसरा घालू.

आणि दुसरा धोका तो बरा वाटायला लागल्यावर आहे. मोती उठेल, भुंकेल, पोट सुटेल, लोक म्हणतील, "झाला की ठणठणीत, गोळ्या कशाला?" तेव्हा कोणाचं ऐकू नकोस. डोस डॉक्टरच कमी करतात, दर वेळी रक्त तपासून, साधारण तीन आठवड्यांच्या टप्प्याने. चार ते सहा महिने त्यात जातात. मध्येच गोळ्या सोडल्या की आजार उलटतो. पुढच्या लसींचंही डॉक्टरांनाच विचारायचं.

"दुसरं आणा की, कुत्र्यांना काय तोटा" असं म्हणणाऱ्यांशी वाद घालू नकोस. पण खर्चाची हद्द दाजींबरोबर आत्ताच, शांत डोक्याने ठरवा. आणि एक दिवस डॉक्टरांनीच सांगितलं की आता त्याचे हाल होताहेत, तर त्याला सोडणं हीसुद्धा राखणदाराची राखणच समज. त्यात हरणं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मी येते, सोमवारी सकाळी जाईन. त्या तिन्ही रात्री माझ्या. वही आणि औषधांची पिशवी माझ्या ताब्यात द्यायची, आणि तू आतल्या खोलीत दार लावून झोपायचं.

तुझी,
धाकटी