अडीच तास पुढे

हांगझोऊ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. आमच्या घरात हे लहानथोर सगळ्यांना पाठ, कारण माझी धाकटी बहीण २०१८ पासून तिथे असते. ती गेली त्याच आठवड्यात बाबांनी हॉलमध्ये दुसरं घड्याळ लावलं, तिच्या वेळेचं. आल्यागेल्याला वाटायचं घड्याळ बिघडलंय!

बाबा जन्मभर भूगोल शिकवत आले. त्यांना अडीच तास मान्यच नव्हते. पुण्याचं रेखावृत्त ७४ च्या जरासं अलीकडे, हांगझोऊचं १२० च्या किंचित पलीकडे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने खरा फरक तीन तास पाच मिनिटांचा. मग मधली पस्तीस मिनिटं गेली कुठे? तर ती आपण खाल्ली. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांवरची, त्यामुळे पुण्यात डोक्यावर सूर्य येईस्तोवर साडेबारा होऊन जातात. चीनची प्रमाणवेळ मात्र १२० अंशांवरची, म्हणजे जवळजवळ हांगझोऊवरूनच जाते. "तुझ्या गावाचं घड्याळ खरं बोलतं हो," असं ते तिला फोनवर सांगायचे.

खरं बोलतं, पण फक्त तिच्या गावापुरतं. १९४९ पासून अख्ख्या चीनला एकच वेळ. पश्चिम टोकाचं काशगर आणि आपलं सोलापूर जवळपास एकाच रेखावृत्तावर. सोलापुरात सूर्य माथ्यावर येतो साडेबाराच्या आत, काशगरात सरकारी घड्याळात तेव्हा तीन वाजायला आलेले असतात. तिथले बरेच लोक आपली दोन तास मागची वेळ वेगळी पाळतात म्हणे. बाबांना या गोष्टीचा इतका आनंद व्हायचा की सोलापूरच्या आत्याला त्यांनी हे निदान चार वेळा ऐकवलं असेल.

आईचा विषय वेगळा. तिला हवामान लागतं. जेवलीस का, आणि पाऊस आहे का, हे दोन प्रश्न झाल्याशिवाय तिचा फोन पुढे सरकत नाही. डिसेंबरात तिकडे पाचला अंधार पडतो तेव्हा इथे अडीच वाजलेले असतात, आई वामकुक्षीतून उठायची असते. जानेवारीत सरासरी पाच अंशांच्या आसपास थंडी, तीही ओली. आणि गंमत अशी की ह्वाय नदीच्या उत्तरेकडच्या शहरांना पन्नासच्या दशकापासून सरकारी हीटिंग, दक्षिणेला ते नाही. हांगझोऊ पडलं दक्षिणेत. त्यामुळे पोरगी घरातही कोट घालून बसते. जूनच्या मध्यापासून तीनेक आठवडे 'आलुबुखाऱ्याचा पाऊस', ती फळं पिकायच्या सुमाराला येतो म्हणून हे नाव. कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी येते. आईचं माहेर कोकणातलं, तिला हे लगेच कळलं. मग उन्हाळा, चाळिशी ओलांडणारा. सप्टेंबर संपता संपता मात्र बारीक पिवळ्या फुलांची झाडं फुलतात आणि सगळं शहर गोड वासाने भरून जातं. ती फुलं चहात, मिठाईतही घालतात.

शहराच्या पश्चिमेला सुप्रसिद्ध तळं आहे, सी हू. हे गाव बाराव्या-तेराव्या शतकात दक्षिण सोंग घराण्याची राजधानी होतं, १२७६ मध्ये मंगोलांनी घेईपर्यंत. पण मला त्याआधीचा सू तोंगपो जास्त आवडतो. मोठा कवी, १०८९ मध्ये इथे अधिकारी म्हणून आला. तळं गाळाने आणि शेवाळाने भरत चाललेलं. त्याने ते उपसून घेतलं आणि निघालेल्या गाळाचाच जवळजवळ तीन किलोमीटरचा बांध तळ्यात घातला. आज त्यावर लोक सकाळी फिरायला जातात. कवीला गाळ उपसायचं काम जमतं हे वाचून बरं वाटलं. (त्याच्या नावाने तिथे डुकराच्या मांसाचा एक पदार्थही प्रसिद्ध आहे. हे आईला सांगितलेलं नाही.)

तळ्याजवळ लिंगयिन मंदिर आहे, चौथ्या शतकातलं. परंपरा सांगते की ते ह्वेली नावाच्या भारतीय भिक्षूने स्थापलं. समोरची टेकडी पाहून तो म्हणाला, ही तर आमच्याकडची, इथे कशी उडून आली? तेव्हापासून तिचं नाव 'उडून आलेलं शिखर'. बहिणीने फोटो पाठवले तेव्हा बाबा म्हणाले, "टेकडीला व्हिसा लागला नाही, नशीबवान."

तेव्हा ते नुसतं हसण्यावारी गेलं. २०२० मध्ये थेट विमानं बंद झाली ती पाच वर्षं. २०२१ च्या मेमध्ये बाबा आजारी पडले. बहीण निघाली असती तर पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असतं, आणि परत आत घेतील याची खात्री नव्हती. बाबा गेले तेव्हा इथे पहाटेचे चार वाजले होते. मी हॉलमध्ये येऊन दुसऱ्या घड्याळात पाहिलं, साडेसहा. म्हणजे उजाडलं असणार, उठली असणार, असा हिशेब केला आणि फोन लावला. ती बांधावर चालत होती. मागे पक्ष्यांचा आवाज येत होता. मी बोलले, त्यानंतर खूप वेळ फक्त तेच ऐकू येत होते.

आई त्या घड्याळाला हात लावू देत नाही. सेल संपला की स्वतः स्टुलावर चढते, ऐकत नाही.

२०२३ मध्ये लांबलेले आशियाई खेळ हांगझोऊला झाले. १ ऑक्टोबरला बीडचा अविनाश साबळे तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये धावला, त्या संध्याकाळी बहीण स्टेडियममध्ये होती. पडद्यावर रात्र, आमच्या खिडकीत ऊन. साबळे सगळ्यांच्या पुढे एकटाच, सुवर्णपदक नक्की, आम्ही सगळे ओरडतोय. आणि आई टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन त्याच्या मागची गर्दी बघत उभी होती, "जरा थांबवता येतं का रे हे," म्हणत.