न दुखणारी गाठ

माझ्या टेंभुर्णीतील दवाखान्यात अंगावरची गाठ दाखवायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांची गाठ चरबीची, निरुपद्रवी असते. त्यामुळेच वेगळ्या गाठीकडे दुर्लक्ष होण्याचा धोका असतो. मध्यंतरी सत्तरीकडे झुकलेले एक शेतकरी मांडीतील गाठ घेऊन आले. "दुखत नाही, म्हणून थांबलो," असे ते म्हणाले. गाठ खोल होती आणि वाढत होती. "इथेच काढून टाका, डॉक्टर," असा मुलाचा आग्रह होता. मी नकार दिला.

स्नायू, चरबी, नसा अशा मृदू ऊतींच्या कर्करोगाला सार्कोमा म्हणतात. प्रौढांच्या कर्करोगांत त्याचे प्रमाण जेमतेम १ टक्का, पण प्रकार ५० हून अधिक. ५ सेंटिमीटरहून मोठी, खोल, वाढती किंवा काढूनही पुन्हा आलेली गाठ दुखत नसली, तरी तपासावीच. आधी एमआरआय, मग जाड सुईने तुकडा काढून तपासणी. हा रोग बहुधा फुप्फुसांत पसरतो, म्हणून छातीचा सीटी स्कॅनही करतात. तपासणीविना गाठ काढल्यास रोगपेशी मागे राहू शकतात आणि पुढील शस्त्रक्रिया अवघड होते.

"पाय कापावा लागेल का?" हा त्या कुटुंबाचा खरा प्रश्न होता. १९८२ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेने ४३ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. पाय कापलेले आणि पाय वाचवून किरणोपचार घेतलेले रुग्ण, यांच्या जगण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. आज बहुतेकांचे अवयव वाचतात. मुख्य उपचार म्हणजे भोवतालच्या निरोगी ऊतींसह गाठ काढणे. किरणोपचार आधी दिल्यास जखम भरण्यास अडचण येऊ शकते. नंतर दिल्यास पुढे अवयवाला ताठरपणा येण्याचा संभव अधिक. मधुमेही ज्येष्ठांनी ही बाब जरूर विचारावी. केमोथेरपी सर्वांना लागत नाही. त्यातील डॉक्सोरुबिसिन हृदयावर परिणाम करू शकते, म्हणून आधी टू-डी इको करतात.

आपल्या जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे; मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय. पहिली शस्त्रक्रिया होण्यापूर्वीच अशा ठिकाणी जावे. सर्व अहवाल एका पिशवीत, तारखेप्रमाणे लावून न्यावेत. आणि एक विनंती : निर्णय घेताना आजारी माणसाला खोलीबाहेर बसवू नये. शरीर त्याचे आहे. किती सोसायचे, हे त्यालाही विचारले पाहिजे.