कोल्हापूर की वेरूळ?

तुरी निघाल्या, ज्वारी हुरड्यात आली की आमच्या बार्शीकडे चार दिवस हात मोकळे होतात. यंदा ठरवले, घरच्या पाचही माणसांनी कुठे तरी जाऊन यायचे. पैसे एकाच गावापुरते होते. मग घरात दोन पक्ष पडले.

आई म्हणाली, "कोल्लापूरला चला. अंबाबाईची वटी भरायची ऱ्हायलीया." माझाही ओढा तिकडेच. सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झाले २००४ साली. त्याआधी आमची कॉलेजे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली. माझ्या बी.ए.च्या कागदावर त्याचाच शिक्का आहे, पण १९६२ साली उभे राहिलेले ते विद्यापीठ मी डोळ्यांनी कधी पाहिले नाही. शिवाय शाहू महाराजांनी १९०१ पासून खेड्यातल्या पोरांसाठी वसतिगृहे काढली ती याच गावात.

थोरली मुलगी मात्र हटून बसली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढे इतिहासात एम.ए. करायचे म्हणते. "आप्पा, संभाजीनगरला जाऊ. वेरूळ बघू आणि विद्यापीठही बघू." पोरीचा हेतू आमच्या ध्यानात आला, आणि आजीच्याही. "म्हंजी पोरगी तितं ठिवायची? एकली?" आईने तोंड फिरवले.

शेवटी घृष्णेश्वराने सोडवणूक केली. बारा ज्योतिर्लिंगांतले एक वेरूळला आहे म्हटल्यावर आई तयार झाली.

संभाजीनगर म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद. सोमवारी रात्री पोचलो. मंगळवारी सकाळी दशम्या बांधून स्टँडवर उभे राहिलो, तर कंडक्टर म्हणाला, "काका, आज लेणी बंद. मंगळवार आहे." चूक आमचीच, आधी विचारले नव्हते. तुम्ही ध्यानात ठेवा : वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी.

त्यामुळे तो दिवस विद्यापीठाच्या वाट्याला आला. डोंगराच्या पायथ्याशी मोठे थोरले आवार, झाडी, मागे डोंगरात बौद्ध लेणी. १९५८ पूर्वी मराठवाड्यातली कॉलेजे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. त्या साली मराठवाड्याला आपले विद्यापीठ मिळाले, आणि १९९४ साली त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडले गेले. बाबासाहेबांनी १९५० साली याच गावात मिलिंद महाविद्यालय सुरू केले होते. मुलगी इतिहास विभागात चौकशी करत होती. आई झाडाखाली बसून येणाऱ्याजाणाऱ्या पोरींकडे बघत राहिली. बोलली काही नाही.

बुधवारी वेरूळ. शहरापासून तीसेक किलोमीटर, वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो. आधी घृष्णेश्वर केला. गाभाऱ्यात पुरुषांना सदरा, बनियन काढून जावे लागते. वेरूळ हे भोसल्यांच्या पाटीलकीचे गाव. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे यांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला, पुढे अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी. "म्हंजी कोल्लापूरच्या गादीचं मूळ हितंच की," आई म्हणाली आणि तिचा चेहरा जरा मोकळा झाला.

मग लेणी. एकूण चौतीस. पहिली बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, शेवटची पाच जैन. सगळी एका दिवसात बघू म्हणाल तर पाय गळून जातील. सकाळीच सोळावे, कैलास लेणे, बघा. मग दहावे, ज्याला लोक सुताराचे लेणे म्हणतात. अंगात बळ उरले तर बत्तिसावे.

कैलास बघून मी गप्पच झालो. आमच्या विहिरीला पन्नास फुटांवर काळा कातळ लागला, तेव्हा सुरुंग लावूनही दोन उन्हाळे गेले होते. विहीर आपण वरून खाली खणतो. इथेही तसेच वरून खाली खणले आहे. फक्त खणताना मधोमध देऊळ शिल्लक ठेवले, कळसापासून पायथ्यापर्यंत, एकसंध. मागची कातळभिंत शंभर फुटांहून उंच. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातले, म्हणजे आठव्या शतकातले हे काम. छिन्नी एकदा जास्त चालली तर निघालेला दगड परत लावता येत नाही. खाली हत्तींची रांग देऊळ पाठीवर घेऊन उभी आहे. पोरीने रावण कैलास हलवतो ते शिल्प आजीला समजावून सांगितले. आई लक्ष देऊन ऐकत होती. नातीकडून काही शिकावे लागेल हे तिच्या कधी मनात आले नसावे.

दुपारी झाडाखाली दशमी, शेंगदाण्याची चटणी सोडली. घास मोडता मोडता आई म्हणाली, "पोरींच्या हाष्टेलात जेवायचं कसं असतं? इचारलं का कुनी?" माझी बायको पदराआड हसली. मुलीच्या डोळ्यांत पाणी आले.

तेव्हा मंडळी, आमचा सल्ला असा. घरात चढउतार न झेपणारी माणसे असतील तर कोल्हापूर बरे. अंबाबाई, रंकाळा, नवा राजवाडा सारे शहरातच आहे. शिकणारे लेकरू असेल तर वेरूळ गाठा, आणि एक दिवस विद्यापीठासाठी राखा.

अंबाबाईची ओटी अजून राहिलीच आहे. पुढच्या तुरी निघाल्या की तिकडे. तोवर पोरीचा अर्ज भरायचा आहे.