रात्रपाळी

परळ-लालबागला ज्यांचं बालपण गेलं, त्यांच्या घरी पाहुणे दोन प्रकारचे यायचे. एक लग्नकार्यासाठी फणसपोळी आणि कुळथाचं पीठ घेऊन येणारे. दुसरे वर्षभरात कधीही, हातात एक्स-रेचं मोठं पाकीट घेऊन येणारे. या दुसऱ्यांबद्दल मुलांनी काही विचारायचं नसे. ‘मामांना टाटाला दाखवायचंय’ एवढं ऐकलं की आई जास्तीची गोधडी काढायला वळायची.

टाटा मेमोरियल हे कर्करोगाचं रुग्णालय परळला १९४१ पासून आहे. कोकण, घाट, मराठवाडा सगळीकडून माणसं तिथे यायची. मुंबईत ज्यांचं कुणी नाही ते दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेत उतरायचे, तिथे जागा नसली तर रस्त्याच्या कडेला पथारी टाकायचे. ज्यांचं कुणी असायचं ते आमच्यासारख्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीत. काका गिरणीत रात्रपाळीला गेले की त्यांची खाट मोकळी व्हायची, आणि ती पाहुण्याला मिळायची. सकाळी काका परतले की पुन्हा अदलाबदल. ८२ च्या संपात काका घरीच बसले आणि खाटेचा प्रश्न बिकट झाला, ही आठवण आमच्यातला थोरला अजून हसत सांगतो. बाकीच्यांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळत नाही.

आम्ही चुलत-आते भावंडं आता पन्नाशी-साठीत आलोय. जमलो की हा विषय निघतोच, कारण मामांचं आजारपण आम्ही सगळ्यांनी मिळून काढलं होतं. पोरांनासुद्धा कामं वाटलेली असत. फीडिंग कपच्या चोचीतून पेज कशी पाजायची, मान किती उचलायची, हे आम्हाला आठवी-नववीतच येत होतं. रबरी एअर रिंग तोंडाने फुगवायचं काम धाकट्यांचं. कूस बदलताना एकाने खांदा धरायचा, दुसऱ्याने कंबर, आणि ‘एक, दोन’ म्हणून एकदम वळवायचं. मोठी काकू पाठीला स्पिरिट चोळायची, वर पावडर लावायची, चादरीची एक सुरकुती ठेवायची नाही. तिच्या हाताखाली कुणाच्या पाठीला जखम झाली नाही, हे ती शेवटपर्यंत अभिमानाने सांगायची. तिला नर्सिंग कुणी शिकवलं होतं? कुणीही नाही. तिच्या सासूचं दुखणं तिने काढलं होतं, तेवढंच शिक्षण.

एक नियम पक्का होता: आजाऱ्याला सांगायचं नाही. डॉक्टर मुलाला बाजूला घेऊन बोलत, फाइल देव्हाऱ्यामागे जाई, गावच्या पत्रात ‘गाठीचं ऑपरेशन’ लिहिलं जाई. रोज टाटाच्या फाटकातून आत-बाहेर करणाऱ्या माणसाला आपल्याला काय झालंय ते समजत नाही, असं मानणं हा त्या काळचा सर्वमान्य शिष्टाचार होता. मामाही तो पाळायचे. आपल्याला माहीत आहे हे त्यांनी आम्हाला कळू दिलं नाही.

पण रात्री शिष्टाचार चालत नसे. ‘आता घरी न्या, सेवा करा’ असं सांगून रुग्णालयाने सोडलं, की पुढचं सगळं घरावर. दोन-अडीच वाजता कण्हणं सुरू व्हायचं, भिंतीपलीकडचे जागे व्हायचे. मग कुणीतरी डॉक्टरांच्या कंपाउंडरला उठवायला धावायचं. तो फोर्टविन आणि काम्पोज टोचून जायचा. दोन-तीन तास शांतता, की परत तेच. सेवेला आमच्याकडे माणसं मुबलक होती. औषध नव्हतं.

ते का नव्हतं, हे फार उशिरा कळलं. १९८५ साली अमली पदार्थांचा कायदा आला. गर्दविक्यांना जरब बसावी म्हणून शिक्षा जबर, किमान दहा वर्षांची. परिणाम असा की औषधांच्या दुकानांनी आणि रुग्णालयांनी अफूपासून बनणारं वेदनाशामक मॉर्फिन ठेवायचंच सोडून दिलं. परवाने इतके, की एकाची मुदत सुरू होईपर्यंत दुसऱ्याची संपायची. देशाचा वर्षाचा वापर घसरत घसरत १९९७ साली १८ किलोवर आला. गावाहून येणारं तांदळाचं पोतं याहून जड असे. आणि हे कुठल्या देशात? जिथे नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने अफू पिकते आणि परदेशातल्या औषध कारखान्यांना विकली जाते.

कायदा आला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८६ ला, टाटामधले कर्करोग शल्यविशारद डॉ. लुईस डिसूझा यांनी वांद्र्याला, मोतमाउलीच्या टेकडीवर, शांती आवेदना सुरू केलं. उपचार संपलेल्या कर्करुग्णांसाठी देशातली ही पहिली अशी जागा, आणि सगळं विनामूल्य. मोतमाउलीच्या जत्रेला दरवर्षी जाणाऱ्या आमच्या आत्याला ती टेकडी पाठ होती, पण त्या इमारतीत आपलं माणूस ठेवायचं म्हटल्यावर ती उखडली. ‘आम्ही काय मेलोय?’ हा तिचा प्रश्न तेव्हा चाळीतल्या बहुतेक घरांचा होता. पुढे चाळीतल्याच एका बिनमुलाबाळांच्या जोडप्यातले आजोबा तिथे राहिले. आत्या डबा घेऊन भेटायला गेली. परत आल्यावर सिस्टर किती गोड बोलतात, खिडकीतून समुद्र दिसतो वगैरे सांगितलं आणि शेवटी म्हणाली, ‘ते रात्री झोपतात म्हणे.’ खोलीत बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मामांना जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती.

शांती आवेदनाच्या शाखा नंतर गोव्यात लोटलीला आणि दिल्लीला झाल्या. पुण्यात, वारज्याला, १९९७ मध्ये सिप्ला या औषध कंपनीचं अशाच रुग्णांसाठीचं केंद्र उभं राहिलं. तेही विनामूल्य. आमच्यापैकी पुण्याला स्थायिक झालेल्या बहिणीने सासऱ्यांना तिथे नेलं, तेव्हा तिला वाटलं होतं की आता सोडून यायचं. उलट, घरच्या एका माणसाने सोबत राहायचं आणि सगळं शिकून घ्यायचं, असं निघालं. मॉर्फिनची साधी गोळी, दर चार तासांनी, दुखायची वाट न बघता. रात्री दहाला दुप्पट, म्हणजे दोन वाजता उठवावं लागत नाही. सोबत पोट साफ होण्याचं औषध रोजच्या रोज, कारण मॉर्फिनने हमखास कोंडतं. काही दिवसांनी सासरे घरी आले आणि बाल्कनीत बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवू लागले. हे ऐकताना थोरला मध्येच उठून बाहेर गेला होता.

खरी मजल मारली ती केरळने. १९९३ मध्ये कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि सहकाऱ्यांनी वेदनाशमनासाठी एक छोटी संस्था काढली. तिथून गावोगावचे स्वयंसेवक तयार झाले. नर्स घरी येते, शेजारी पैसे आणि वेळ देतात, पंचायत खर्च उचलते. २००८ मध्ये राज्याने त्याचं धोरणच केलं. आमच्या चाळीने विनापरवाना जे चालवलं होतं, त्याला तिथे औषध आणि शिस्त मिळाली, असं माझं मत. आपल्याकडे चाळी होत्या तेव्हा हे सुचलं असतं तर फार सोपं गेलं असतं. कायदाही २०१४ मध्ये बदलला. मान्यताप्राप्त संस्थेला आता राज्याच्या औषध नियंत्रकाकडून एकच परवाना पुरतो. तरी जिल्ह्याच्या गावी गोळी मिळेलच याची खात्री आजही कुणी देत नाही.

सध्या पाळी मोठ्या काकूची आहे. वय पंच्याऐंशी, फ्लॅट ठाण्याला, लिफ्ट चालू असते. तिने पहिल्याच दिवशी रिपोर्ट स्वतः मागून घेतला, चष्मा लावून वाचला आणि डॉक्टरांना किती महिने ते विचारलं. मुलगा मधे बोलायला गेला, त्याला गप्प केलं. नर्स आठवड्याला येऊन जाते, गोळ्यांचा डबा भरलेला असतो. चादर मात्र काकूच्या मनासारखी कुणालाच घालता येत नाही, आणि ब्युरोच्या मावशींना ती दिवसातून तीनदा पुन्हा घालायला लावते. मावशींना गोळ्यांचं वेळापत्रक समजावायचं काम न्यू जर्सीतला भाऊ व्हिडिओ कॉलवर करतो. इथल्यांचं म्हणणं आहे की त्याने एकदा रात्रपाळीला यावं.