गंजातलं पाणी

पोळ्याच्या सकाळी देवळीच्या आमच्या घरात चुलीवर मोठा गंज चढायचा. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ. दाणा बोटात दाबला की मोडतो, पण आकार सोडत नाही, इथपर्यंत ती शिजली की आजी रोवळीत ओतायची आणि खाली परात ठेवायची. पिवळसर, बोटाला किंचित चिकटणारं पाणी परातीत उतरायचं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. मदत करायची म्हणून परात उचलून मोरीकडे निघाले, तर आजी ओरडली, "पाणी नको सांडू वं पोरी, त्याचंच तर सार करा लागते!"

पुढे मी अन्नशास्त्र शिकले आणि आयुष्यभर तेच शिकवलं. शिजताना अन्नातून पाण्यात काय उतरतं, हा धडा आला की ती परात डोळ्यांसमोर येते. थायमिन, फोलेट ही ब गटातली जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात. पोटॅशियम उतरतं, थोडी प्रथिनं उतरतात, स्टार्च उतरतो. डाळ भरपूर पाण्यात शिजवून वरचं पाणी ओतून दिलं, तर पैसे देऊन आणलेल्या डाळीचा एक हिस्सा आपण मोरीला वाढतो. गंजावर येणारा फेस प्रथिनांचा आणि सॅपोनिनचा. 2014 साली जोएल रोसेल या फ्रेंच गायकानं कडधान्यांचं पाणी घुसळून अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस काढला. पुढच्या वर्षी त्या पाण्याला 'अ‍ॅक्वाफाबा' हे नाव पडलं आणि जगभर त्याचे केक होऊ लागले. आपल्याकडे त्याला कट म्हणत होते आणि त्याची आमटी होत होती.

वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ 1934 मध्ये सुरू झाला. जे. सी. कुमारप्पा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथून हातसडीच्या तांदळाचा आग्रह धरला, कारण गिरणीत पॉलिश होताना कोंड्याबरोबर थायमिन निघून जातं. तोच हातसडीचा तांदूळ विकत आणून त्याची पेज ओतून देणारी घरं मी पाहते तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं.

कटाचं सार सोपं आहे. पाव किलो डाळीला चौपट-पाचपट पाणी घेतलं की दोन-तीन वाट्या कट हाताशी येतो. भाजलेलं खोबरं, खसखस, लवंग, दालचिनी वाटून घ्यायची. तेलात मोहरी, मेथीचे चार दाणे, गोडलिंब. त्यावर वाटण परतायचं, कट ओतायचा, चिंच घालायची आणि चमचाभर पुरण त्यातच कालवायचं. वरून सांबार. (पुण्याकडच्या वाचकांनी इथे कोथिंबीर वाचावं.)

हाडांच्या पाण्याचं काम मात्र सबुरीचं. नागपूर-वर्ध्याकडच्या सावजी स्वयंपाकात बकऱ्याचे खूर शिजवतात, ते त्याचं उत्तम उदाहरण. खूर थंड पाण्यात टाकायचे, आच हळूहळू वाढवायची. पहिला राखाडी फेस झाऱ्यानं काढायचा आणि मग पाणी खदखदू द्यायचं नाही. काठाला एखादा बुडबुडा फुटावा, एवढंच. चार-पाच तासांत कातडी आणि सांध्यांमधल्या कोलॅजनचं जिलेटिन होतं. खदखदलं की चरबी पाण्यात घुसळली जाते, पाणी गढूळ होतं आणि जिभेवर तेलकट लागतं. गार झाल्यावर वाटी हलवली आणि आतलं पाणी खरवसासारखं थरथरलं, की काम जमलं. मीठ अजिबात घालायचं नाही. हे पाणी पुढे आटणार आणि आपण घातलेलं मीठ त्यात दुप्पट होणार. मटण परतून झाल्यावर कढईच्या तळाला जी खरवड धरते, तीही घासून काढण्याआधी या पाण्याचा पळीभर हबका मारून सोडवून घ्यावी. रश्शाचा रंग आणि चव तिच्यात असते.

नोकरीच्या पहिल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या दिवसांत माझ्या हातून चूक झाली. दोन किलो डाळीचा कट मी गंजात तसाच झाकून रात्रभर ओट्यावर ठेवला. सकाळी झाकण काढलं तर वर बारीक बुडबुडे आणि आंबूस वास. उकळून घेऊ, असं घरात सगळे म्हणाले. मी ऐकलं नाही, सगळं ओतून दिलं. उकळण्यानं जिवाणू मरतात, पण काहींचे बीजाणू तगतात आणि काहींनी सोडलेलं विष उकळूनही जात नाही. 60 अंशांपासून 5 अंशांपर्यंतचा उतार हा धोक्याचा रस्ता, आणि खोल गंजातलं पाणी त्या रस्त्यावर तासन्‌तास रेंगाळतं. म्हणून गाळलेलं पाणी पसरट भांड्यात काढावं, ते भांडं थंड पाण्याच्या परातीत ठेवावं आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाकावं. तीन दिवसांत संपवावं, वापरताना खळखळून उकळावं. आजीला हे नियम लागले नाहीत, कारण तिचा कट दुपारच्या पंगतीत संपायचा.

प्रत्येक पाणी मात्र राखण्याजोगं नसतं. कोबी आणि मुळ्याचं पाणी उग्र होतं. पालकाच्या पाण्यात ऑक्झॅलेट उतरतं, मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी ते टाकलेलंच बरं. पूर्व विदर्भातल्या धानाच्या बांध्यांमध्ये होणारी लाखोळी तर उलटाच धडा देते. तिच्यातलं मज्जासंस्थेला घातक द्रव्य पाण्यात विरघळतं, म्हणून ती गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकतात. तिथे सांडणं हेच शहाणपण.

दिवाळी सरली की देवळीच्या शिवारात तूर भरू लागेल. शेंगा हिरव्या असतानाच मिठाच्या पाण्यात उकडतात, आणि सोलून खाताना हात चिकट होतात. ते हिरवट पाणी यंदा गाळून ठेवा आणि सोलेभाताला आधण म्हणून वापरा. मीठ आधीच आहे, तेवढं लक्षात असू द्या.