पुन्हा पेटलेली भट्टी

फाल्गुन लागला की आमच्या सत्तरीच्या डोंगरउतारावर पिकलेल्या बोंडूंचा वास सुटतो. सवय नसलेला माणूस नाकाला रुमाल लावतो. पण ज्याचे बालपण या वासात गेले त्याला बसमधून उतरताच घर जवळ आल्याची खूण पटते. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेले हे काजूचे झाड येथल्या मातीत असे रुजले की, ते परके आहे हे मुलांना वर्गात मुद्दाम सांगावे लागते.

आमच्या घरची भट्टी वडिलांच्या मागे, १९९६ साली विझली. मी नोकरीपायी बाहेर, धाकटा भाऊ शिकत होता, आणि मजूर मिळेनासे झालेले. पुढे सत्तावीस वर्षे आम्ही फक्त बिया विकल्या. बोंडू झाडाखालीच कुजले. २०२३ मध्ये भावाने आपल्या नावावर परवाना काढला आणि मला निरोप धाडला, ‘‘दादा, हंगामातले रविवार मोकळे ठेव.’’

जांभ्या दगडात कोरलेली कोळमी पाचोळ्याने बुजली होती. ती उपसली. तांब्याचे भाण हिरवे पडले होते. चिंच लावून दोन दिवस घासले. मातीची मोठी भांडी फुटून गेलेली, म्हणून रसासाठी प्लास्टिकची पिंपे आली. पूर्वी अनवाणी पायांनी बोंडू तुडवीत, आता पायांत गमबूट आले. एवढे बदलले, पण झाडावरचा बोंडू तोडायचा नाही, आपणहून गळून पडलेलाच उचलायचा, हा नियम तसाच राहिला.

रस आंबायला तीन-एक दिवस लागतात. विरजण म्हणून काहीच घालायचे नसते. फळाच्या सालीवरची आणि हवेतली किण्वे आपले काम करतात. ‘फेणी’ हा शब्द संस्कृत ‘फेन’ म्हणजे फेस यावरून आला, हे मी एम. ए.च्या वर्गात शिकलो होतो. तो फेस पिंपात उसळताना पाहिला आणि शब्दाला अंग आले. रस तयार झाला का, म्हणून मी वाकून वास घेऊ लागलो. वडिलांच्या हाताखाली राबलेले ऐंशीच्या घरातले आबा हसले. म्हणाले, ‘‘मास्तर, नाक न्हय, कान लायात.’’ पिंपाला कान लावला. आत पावसाची बारीक सर पडावी तशी कुजबूज चालू होती. ती थांबत आली की रस भाणात घालायचा. हे कोणत्याही पुस्तकात मला भेटले नव्हते.

भाणाचे सांधे मातीने लिंपले, खाली लाकडे पेटली. वाफ नळीतून लावणीत उतरते. लावणीवर गार पाणी ओतत राहावे लागते, आणि जाळ कुठे ओढायचा ते हातालाच कळावे लागते. पहिल्या धारेचा तो हुर्राक, सौम्य, हंगामापुरताच. त्यात आंबलेला रस मिसळून पुन्हा भट्टी लावली की फेणी. आबांनी पहिली धार वाटीत धरून राखणदाराला वाहिली, मगच बाटली भरली.

गावात कुजबूज झाली. हेडमास्तरांच्या घरात दारू! ती मला टोचली नाही असे नाही. दारूने मोडलेली घरे मी शाळेच्या हजेरीपटात वाचली आहेत. परीक्षेच्या दिवशी बाप शुद्धीवर नव्हता म्हणून उशिरा आलेली मुलगी मी वर्गात बसवली आहे. दुसरीकडे, माझ्या कॉलेजची फी याच भट्टीच्या पैशातून भरली गेली. २००९ मध्ये काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा-पेयाचा मान दिला. पण कागदावरच्या मानाने त्या मुलीच्या घरची रात्र बदलत नाही, आणि त्या रात्रीमुळे आबांच्या कानातली विद्या खोटी ठरत नाही. दोन्ही खरे आहे. मी भावाला एकच अट घातली: गावात सुटी विक्री नको. त्याने ती पाळली आहे.

गेल्या हंगामात आबांना डोंगर चढवेना. पुण्यात नोकरी करणारा पुतण्या रजा काढून आला होता. आबा अंगणात खुर्ची टाकून बसले आणि वरून येणाऱ्या प्रत्येकाला विचारत राहिले, ‘‘रस कितें म्हणटा?’’ तिसऱ्या दिवशी पुतण्या धावत खाली आला. ‘‘आबा, गप्प झाला!’’ आबांनी काठीने जळणाकडे बोट केले.