कासवाला डॉक्टर शोधताना



बैल लंगडायला लागला, म्हैस अडली, शेळीचे पोट फुगले, तर कुणाकडे धावायचे हे तुम्हाला सांगायला नको. ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याला दवाखान्याची वाट अंधारातही सापडते. पण घरचे कासव दुखावले तर कुणाकडे जाल?

हसू नका. आपल्या खान्देशात कितीतरी जुन्या विहिरींत कासव आहे. पाणी स्वच्छ राहते म्हणून आजा-पणजाने सोडलेले, नाहीतर एखाद्या पुरात आपल्या पायांनी आलेले. पोरे त्याला वरून भाकरीचा तुकडा टाकतात, बायका हात जोडतात. शंकराच्या देवळात नंदीपुढे दगडी कासव असते, तेच आपल्या विहिरीत जिवंत आहे असे घरच्यांना वाटते. त्याला दावे नाही, घुंगरू नाही, पण ते घरातलेच होऊन बसते.

आमचे शिवार अमळनेर तालुक्यात, बोरीच्या अंगाला. एका वैशाखात विहिरीचा गाळ काढायला यारी लावली होती. चार-पाच खेपा झाल्या आणि लोखंडी बकेटात गाळाबरोबर कासव वर आले. चांगले ताटाएवढे. पाठीची मागची कड तडकलेली आणि तिच्यातून रक्त झिरपत होते. आमची आई लग्न होऊन आली तेव्हापासून शिवरात्रीला विहिरीवर हळदकुंकू वाहते आणि कासवाने डोके वर काढले की मगच घरी परतते. ती खाली बसली आणि म्हणाली, "आते काय करानं, भाऊ?"

सल्ला द्यायला माणसे कमी नव्हती. एक म्हणाला, तडीत हळद-तेल भरा आणि द्या पाण्यात सोडून. दुसऱ्याने दूध पाजायला सांगितले. तेवढ्यात गावात गुरांना सुई टोचणारे एक गृहस्थ आले. त्यांना नावे ठेवायची नाहीत. मध्यरात्री हाक मारली तरी ते येतात. त्यांनी पेटी उघडली आणि म्हणाले, "गोचिडाचे इंजेक्शन आहे. जखमेत अळ्या पडण्याआधी थोडे मारून टाकतो."

"कासवाला ते चालते का?" मी विचारले.

"जनावर ते जनावर. डोस कमी करू."

त्या उत्तराने मन घेईना. आम्ही घमेल्यात ओले गोणपाट घातले, कासव त्यावर ठेवले, जखमेवर स्वच्छ धुतलेला धडपा टाकला आणि मोटारसायकलवरून तालुक्याचा दवाखाना गाठला.

तिथल्या डॉक्टरांनी आधी काहीच टोचले नाही. चष्मा पुसला, कासव उजेडात धरले, तड पाहिली, पाय ओढून घेते का ते पाहिले. केव्हा लागले, किती रक्त गेले, कुणी काही लावले का, काही पाजले का, असे एकेक विचारले. मग म्हणाले, "हे बघा, मी गाई-म्हशींचा डॉक्टर. कासवाचे मी कॉलेजात शिकलो ते थोडे, आणि हाताखालून गेली ती दोन-चार. जखम धुऊन बांधून देतो. पुढचे काम माझे नाही, ज्याचे आहे त्याच्याकडे पाठवतो."

मंडळी, मला सांगायचे आहे ते एवढेच. "हे मला पुरते येत नाही" असे जो डॉक्टर म्हणू शकतो, त्याच्या हाती जनावर द्यायला हरकत नाही.

गोचिडाच्या इंजेक्शनची गोष्ट काढली तसे ते चमकले. त्या औषधाचे नाव आयव्हरमेक्टिन. गाय, बैल, शेळी यांचे गोचीड, खरूज आणि जंत यांवर ते उत्तम. पण कासवाच्या जातीला ते विष आहे. कासव लुळे पडते, श्वास बंद होतो आणि मरते. १९८० च्या दशकापासून डॉक्टरांना हे माहीत आहे. आमच्या दारात उघडलेली ती पेटी आठवली आणि अंगावर काटा आला. डोस कमी-जास्त करण्याचा तिथे प्रश्नच नव्हता.

एकाचे औषध दुसऱ्याचे मरण कसे होते, हे आपण आपल्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. पूर्वी मेलेले ढोर गावाबाहेर टाकले की घटकाभरात गिधाडे उतरत. मग ती दिसेनाशी झाली. गुरांना तापावर आणि सुजेवर डायक्लोफेनॅक टोचले जाई. ते ढोर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की त्यांचे मूत्रपिंड निकामी होई. २००६ साली सरकारने गुरांसाठी त्या औषधावर बंदी घातली, तोवर देशातली बहुतेक गिधाडे संपली होती. बैलाला आराम देणाऱ्या सुईने आभाळातला पक्षी मारला. म्हणून "जनावर ते जनावर" हे बोलणे कितीही सोपे वाटले, तरी ते खरे नाही.

कासवाचे तर सगळेच निराळे. त्याच्या अंगात आपल्यासारखी स्वतःची ऊब नसते. ऊन मिळेल तशी ते ऊब घेते. अंग गार असेल तर औषधही अंगात सावकाश फिरते. म्हणून बैलाला रोज देतात ते औषध कासवाला कधी दोन-तीन दिवसांनी एकदा देतात. सुई बहुधा पुढच्या पायाकडे टोचतात, मागे नाही. पाठ म्हणजे निव्वळ कवच नव्हे. ती त्याच्या बरगड्यांची आणि कण्याची मिळून झालेली आहे. तिच्यात रक्त आहे, तिला दुखते. ती तडकली म्हणजे हाडच मोडले. ते सांधायला महिने लागतात. तडीत तेल-हळद कोंबली तर घाण आत अडकते, आणि उघड्या जखमेनिशी पाण्यात सोडले तर विहिरीचे पाणी आत शिरते. दूध तर त्याचे अन्नच नव्हे. पाण्यातले कासव गोगलगाय, मासे, किडे, बेडूक खाते. म्हणजे आम्हाला गावात मिळालेले तिन्ही सल्ले मायेचे होते आणि तिन्ही घातक होते.

डॉक्टरांनी जखम धुतली, पट्टी बांधली आणि वनविभागाला फोन लावला. मग आईकडे वळून म्हणाले, "मावशी, आणखी एक सांगतो, ते तुम्हाला आवडायचे नाही. हे कासव आता परत विहिरीत येणार नाही."

आपल्या नद्या-विहिरींतली मऊ पाठीची कासवे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, आणि तीही पहिल्या अनुसूचीत, जिथे वाघ आहे तिथे. पाठीवर चांदण्या असलेले जमिनीवरचे कासव २०२२ च्या दुरुस्तीने त्याच अनुसूचीत गेले. ही कासवे पकडणे, विकणे, हौदात किंवा घरात पाळणे गुन्हा आहे आणि शिक्षा तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची आहे. "कासव घरात ठेवले की लक्ष्मी येते" असे सांगून कुणी विकायला आले तर लक्ष्मीऐवजी पोलीस येतील, हे ध्यानात ठेवा. शहरात काचेच्या पेटीत लाल कानपट्टीची छोटी कासवे विकतात, ती मूळची अमेरिकेची. नातेवाइकाने हौसेने आणून दिले आणि मोठे झाले म्हणून ते आपल्या नदीत किंवा विहिरीत सोडू नका. ते इथल्या कासवांचे अन्न आणि जागा बळकावते.

आई गप्प झाली. तिला राग आला होता, हे मला दिसत होते. वनविभागाची माणसे आली आणि वन्यजीवांचे उपचार जाणणाऱ्या डॉक्टरांकडे कासव घेऊन गेली. दसऱ्याच्या सुमारास निरोप आला की पाठ सांधली आहे, आता त्याला मोठ्या पाण्यात सोडणार. आईने एवढेच विचारले, "तिथं बारमाही पाणी आहे ना?" आहे म्हटल्यावर ती कामाला लागली. शिवरात्रीला ती अजून विहिरीवर जाते; आता मात्र वर कोण येते ते बघत थांबत नाही.

खोटा दिलासा देऊन आमच्या हाती कासव परत देणे त्या डॉक्टरांना सोपे होते. आई खूश झाली असती आणि कासव मेले असते. खरे सांगणारा माणूस त्या घडीला कडूच लागतो.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावलला, त्या वर्षीच्या साथीतला राज्यातला पहिला लम्पी सापडला. बाजार बंद झाले. हा ना तो उपाय सांगणाऱ्यांचा सुळसुळाट झाला. पण नीट डॉक्टर एकच सांगत होते: या विषाणूवर नेमके औषध नाही, लस टोचा, आजारी जनावर वेगळे बांधा, गोमाश्या-डास आवरा, जखमा धुवा. औषध नाही असे सांगणारे तेव्हा कुणाला रुचले नाहीत. पण ज्यांनी ऐकले त्यांनी शेळ्यांच्या देवीची लस आपल्या गाईंना टोचून घेतली आणि पुष्कळ दावणी राखल्या.

तेव्हा कासव असो की कालवड, डॉक्टर पारखताना या गोष्टी बघा. तो सुई काढण्याआधी जनावर बघतो का? विचारपूस करतो का? काय टोचले ते कागदावर लिहून देतो का? चिठ्ठीवर पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का? १९८४ च्या कायद्याने ही नोंदणी ठरवून दिली आहे आणि ती विचारण्यात अपमान नाही. कुठले औषध दिल्यावर किती दिवस दूध घ्यायचे नाही, हे आपण न विचारता तो सांगतो का? आणि शेवटचे म्हणजे त्याला सरळ विचारा, "डॉक्टरसाहेब, या जातीचे जनावर तुम्ही पूर्वी किती वेळा बघितले?" त्यावर जो चिडतो त्याच्यापासून सांभाळून राहा. जो आठवून आकडा सांगतो, किंवा "पहिल्यांदाच बघतो आहे, थांबा, विचारून घेतो" म्हणतो, त्याला धरून ठेवा.

जखमी कासव सापडलेच तर त्याला हवेशीर खोक्यात ओलसर फडक्यावर, सावलीत, कुत्र्या-मुंग्यांपासून दूर ठेवा. जखमेला फक्त स्वच्छ फडके झाका. काही पाजू नका, काही भरू नका, पाण्यात सोडू नका. कुठे सापडले ती जागा लक्षात ठेवा आणि लगेच फोन करा.

फोनचे दोन क्रमांक आहेत. गुरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ आणि वनविभागासाठी १९२६. आकडे तेच आहेत, शेवटचे दोन फक्त उलटे आहेत, त्यामुळे घाईत गफलत होते. आजच पोराला खडू द्या आणि गोठ्याच्या दारावर दोन्ही ठळक लिहून घ्या: गाय १९६२, कासव १९२६.